अशोक चव्हाण आणि ‘आदर्श’ प्रकरण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नांदेडचं नाव काढलं की महाराष्ट्रात कुठेही दोन विषय हमखास निघतात, गुरुद्वारा आणि अशोक चव्हाण. दुसऱ्या विषयावर बोलणारे बहुतेक जण अर्धवट माहितीवर बोलतात. कुणी म्हणतं, ‘ते निर्दोष सुटले.’ कुणी म्हणतं, ‘घोटाळा केला, सिद्ध झालं.’ दोन्ही खरं नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी याच भागातला मतदार आहे आणि मला मतं आहेत, ती लपवलेली नाहीत.

थोडक्यात सांगा, प्रकरण आहे तरी काय?

मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ नावाची 31 मजली इमारत आहे. लष्करातल्या आजी-माजी लोकांसाठी म्हणून निघालेल्या या गृहनिर्माण संस्थेत पुढे राजकारणी आणि सनदी अधिकाऱ्यांचे नातेवाईक सभासद झाले. त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या जवळच्या नातेवाइकांची नावं निघाली आणि नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र दाखल झालं. पण साक्षीपुरावे तपासून त्यांच्याबाबत निकाल लागला, असं घडलेलं नाही.

ते राजकारणात आले ते वडिलांमुळेच ना?

सुरुवात वडिलांमुळेच झाली. शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री होते, केंद्रात गृहमंत्री आणि अर्थमंत्री होते. शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. पैठणचं जायकवाडी धरण आणि नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प यांच्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. 1986 मध्ये ते दिल्लीहून मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतले, नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि 1987 च्या पोटनिवडणुकीत अशोकराव निवडून आले.

पण पुढचं सगळं आयतं मिळालं, असं म्हणता येत नाही. 1989 मध्ये याच नांदेडने त्यांना पाडलं आणि जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे निवडून आले. त्यानंतर विधान परिषद, राज्यमंत्रिपद, 1999 ला मुदखेडमधून आमदारकी, महसूलमंत्रिपद, उद्योगमंत्रिपद अशा पायऱ्या ते चढले. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर विलासराव देशमुखांना जावं लागलं तेव्हा नारायण राणेही मुख्यमंत्रिपदावर दावा सांगत होते. डिसेंबर 2008 मध्ये ते पद अशोकरावांना मिळालं. बाप आणि लेक दोघेही मुख्यमंत्री, असं महाराष्ट्रात पहिल्यांदाच घडलं. 2009 च्या विधानसभेत त्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने 82 जागा जिंकल्या.

‘आदर्श’मध्ये त्यांच्यावर नेमका आरोप काय?

सीबीआयचं म्हणणं असं: महसूलमंत्री असताना त्यांनी संस्थेत 40 टक्के बिगरलष्करी सभासद घ्यायला वाट करून दिली, पुढे वाढीव एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाच्या) बाबतीतही मदत केली आणि त्या बदल्यात नातेवाइकांना फ्लॅट मिळाले. कलमं होती गुन्हेगारी कट, फसवणूक आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची.

सगळा आरोप ‘त्या बदल्यात’ या दोन शब्दांवर उभा आहे. मंत्र्याने फाईलवर सही करणं हा गुन्हा नाही, नातेवाइकाने फ्लॅट घेणं हाही गुन्हा नाही. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, हे सिद्ध करावं लागतं.

चव्हाणांची बाजूही सांगायला हवी. जमीन राज्य सरकारची होती, ती संस्थेला देण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि आपल्याला राजकीय हेतूने गोवलं गेलं, असं ते सुरुवातीपासून म्हणत आले आहेत. जमीन मंजूर झाली तेव्हा ते मुख्यमंत्री नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

ती जागा कारगिलच्या वीरपत्नींसाठी राखीव होती ना?

सगळ्यात जास्त पसरलेली गोष्ट हीच. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम यांचा दोन सदस्यांचा आयोग नेमला होता. जमीन राज्य सरकारच्या मालकीची होती आणि ती कारगिलच्या जवानांसाठी किंवा त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हती, असा निष्कर्ष आयोगाने 2012 च्या अंतरिम अहवालातच काढला.

‘कारगिल’ हा शब्द लोकांच्या काळजाला भिडला आणि प्रकरण देशभर गेलं ते त्यामुळेच. पण खरा आरोप पदाच्या गैरवापराचा आहे आणि तो कारगिलचा आधार न घेताही तितकाच गंभीर आहे. चुकीच्या मुद्द्यावर भांडलं की समोरच्याला सुटायला सोपं जातं. आमच्याकडच्या चर्चांमध्ये हे मी नेहमी पाहतो. एकाने कारगिल काढलं की दुसरा आयोगाचा अहवाल दाखवतो आणि 40 टक्क्यांचा विषय बाजूलाच राहतो.

राजीनामा कसा झाला?

ऑक्टोबर 2010 च्या अखेरीस त्यांनी सोनिया गांधींकडे राजीनाम्याची तयारी दाखवली. 9 नोव्हेंबरला तो स्वीकारला गेला आणि दोन दिवसांनी पृथ्वीराज चव्हाणांचा शपथविधी झाला. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होऊन वर्ष होतं न होतं तोच खुर्ची गेली.

मग ते दोषी ठरले की निर्दोष सुटले?

दोन्ही नाही. हे उत्तर नीट समजून घ्या, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

सीबीआयने जानेवारी 2011 मध्ये गुन्हा नोंदवला. दोषारोपपत्र यायला जुलै 2012 उजाडला. त्याआधी साठ दिवसांच्या मुदतीत ते दाखल न झाल्यामुळे अटकेतल्या काही आरोपींना जामीनही मिळून गेला होता. दोषारोपपत्रात चव्हाणांसह 13 नावं होती.

लोकसेवकाने पदावर असताना केलेल्या कामासाठी खटला चालवायचा तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 197 प्रमाणे परवानगी लागत होती. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत ती राज्यपालांनी द्यायची. डिसेंबर 2013 मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी ती नाकारली. त्यावर सीबीआयने चक्क चव्हाणांचं नाव वगळायची परवानगी मागितली. विशेष न्यायालयाने ती दिली नाही आणि 2014 मध्ये उच्च न्यायालयानेही दिली नाही.

मग केंद्रात आणि राज्यात सरकारं बदलली. सीबीआय नव्या राज्यपालांकडे गेली आणि 4 फेब्रुवारी 2016 ला सी. विद्यासागर राव यांनी परवानगी दिली. चव्हाण उच्च न्यायालयात गेले. 22 डिसेंबर 2017 ला न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. कारण असं की, एकदा नाकारलेली परवानगी पुन्हा द्यायची तर न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा हवा आणि सीबीआयने तसा पुरावा दाखवलेला नाही. चौकशी आयोगाचा अहवाल हे आयोगाचं मत असतं, त्यालाच पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

म्हणजे उच्च न्यायालयाने ठरवलं ते परवानगी योग्य होती की नाही एवढंच. फ्लॅट आणि सही यांचा संबंध होता की नव्हता, यावर साक्षीदार उभे राहून, उलटतपासणी होऊन निर्णय झालेला नाही. म्हणून ‘कोर्टाने क्लीन चिट दिली’ हे वाक्य चूक आहे. ‘घोटाळा करूनही सुटले’ हेही चूकच, कारण घोटाळा त्यांनी केला हे कुणी सिद्ध केलेलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. एका मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली, एका राज्याची नाचक्की झाली आणि मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मतदारालाही मिळालं नाही आणि आरोपीलाही नाही.

परवानगी लागतेच कशाला? हा पळवाटेचा कायदा नाही का?

हेतू वाईट नाही. निर्णय घेणाऱ्या माणसावर उद्या कुणीही उठून खटला भरेल अशी भीती असेल तर तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत कुणी सहीच करणार नाही.

अडचण परवानगी कोण देतं याची आहे. शंकरनारायणन हे केरळमधले काँग्रेसचे जुने नेते, परवानगी नाकारली तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेसचीच सरकारं. विद्यासागर राव हे तेलंगणातले भाजपचे नेते, परवानगी दिली तेव्हा दोन्हीकडे भाजप. दोघांनीही कायद्याला धरूनच निर्णय घेतला असेल, तरी लोकांना तो पक्षाचाच निर्णय वाटणार. मला विचाराल तर मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या बाबतीत हा अधिकार न्यायालयाकडे हवा.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये सरकारला 120 दिवसांत निर्णय घ्यायचं बंधन घातलं आहे, नाहीतर परवानगी मिळाली असं धरलं जातं. ही सुधारणा चांगली आहे. पण 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 17अ हे कलम आलं आणि पदाधिकाऱ्याच्या निर्णयाबद्दल साधी चौकशी सुरू करायलाही आधी मंजुरी लागू लागली. दार एका बाजूने उघडलं आणि दुसऱ्या बाजूने लोटलं.

चौकशी आयोगाने मग काय म्हटलं होतं?

आयोगाने 25 सभासद अपात्र ठरवले, राजकीय आश्रय मिळाल्याचं म्हटलं आणि चव्हाणांच्या बाबतीत निर्णय व लाभ यांचा परस्परसंबंध असल्याचं नोंदवलं. डिसेंबर 2013 मध्ये अहवाल नागपूर अधिवेशनात मांडला गेला आणि त्याच दिवशी राज्य सरकारने तो फेटाळला. राहुल गांधींनी जाहीर नाराजी दाखवल्यावर जानेवारी 2014 मध्ये मंत्रिमंडळाने तो अंशतः स्वीकारला. आधी फेटाळायचा, मग अर्धा घ्यायचा, याने अहवालाचं उरलंसुरलं वजनही गेलं.

‘अशोक पर्व’ काय होतं? तेही याच प्रकरणातलं का?

नाही, हे वेगळं प्रकरण आहे आणि माझ्या मते मतदार म्हणून आपल्याला जास्त जवळचं आहे.

2009 च्या निवडणुकीत अशोकराव भोकरमधून उभे होते. त्या काळात अनेक मराठी वर्तमानपत्रांत ‘अशोक पर्व’ नावाने रंगीत पानंच्या पानं आली. जाहिरात असा उल्लेख त्यावर नव्हता. एकच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने छापून आलेला दिसला. इकडे निवडणूक आयोगाकडे दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये आणि केबलवरच्या जाहिरातींचा 6,000 रुपये. खर्चाची मर्यादा तेव्हा 10 लाख होती.

त्यांच्याविरुद्ध लढलेले माधव किन्हाळकर तक्रार घेऊन आयोगाकडे गेले. आयोगाला खर्चाचा खरेखोटेपणा तपासायचा अधिकार आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे 2014 मध्ये अधिकार आहे असा निकाल लागला. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे दिला नसल्याचं ठरवून अपात्र का करू नये अशी नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा या प्रकरणातही ते अपात्र ठरले नाहीत.

पण ती पानं ज्यांनी वाचली त्यांना बातमी वाचतोय असंच वाटलं होतं. गावात सकाळी हॉटेलात एक पेपर येतो, पंधरा जण वाचतात आणि त्यात छापलेलं खरं असतं असं धरून चालतात. त्या विश्वासाचं जे झालं त्याला 5,379 चा आकडा पुरा पडत नाही. आणि यात एकटा उमेदवार नाही, छापणारेही तितकेच जबाबदार आहेत.

एवढं सगळं होऊनही नांदेड त्यांना मत का देत राहिलं?

पुण्या-मुंबईचे लोक हा प्रश्न आम्हाला जरा तुच्छतेनेच विचारतात. आकडे आधी पाहा. 2014 मध्ये मोदी लाटेत राज्यात काँग्रेसचे दोनच खासदार आले, नांदेडला अशोक चव्हाण आणि हिंगोलीला राजीव सातव. दोन्ही मराठवाड्यातले. 2017 मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेत काँग्रेसने 81 पैकी 73 जागा जिंकल्या.

कारण समजायला मराठवाड्याकडे पाहावं लागतं. इथे निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 पर्यंत होतं. रस्ते, पाटबंधारे, शाळा, रेल्वे, सगळ्यांत आम्ही मागून सुरुवात केली आणि अनुशेषाची भाषा आमच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. अशा ठिकाणी मंत्रालयात ‘आपला माणूस’ असणं ही चैन नसते. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हा शहराचं रूप पालटलं, रस्ते आणि घाट झाले. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड महामार्ग त्यांनी बांधकाममंत्री असताना लावून धरला. विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय त्यांनी मुख्यमंत्री असताना घेतला, तेव्हा लातूर पेटून उठलं होतं. ते आयुक्तालय अडकलं ते अडकलंच, पण नांदेडकरांच्या लक्षात राहिलं ते साहेबांनी आपल्यासाठी लातूरशी भांडण घेतलं हे.

शिवाय साखर कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहे. अर्धापूर, मुदखेड, भोकर या पट्ट्यात अशी घरं कमी सापडतील ज्यांच्यातल्या कुणाचा ऊस, कुणाची नोकरी, कुणाचं ॲडमिशन या वर्तुळातून गेलेलं नाही. कुलाब्याचा फ्लॅट या माणसांनी पाहिलेला नाही. उसाची तोड वेळेवर आली का, हे मात्र त्यांना दर हंगामात कळतं.

मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. काम करून देणारा नेता आणि हिशेब देणारा नेता यांतला एकच निवडा, अशी वेळ आमच्यावर वर्षानुवर्षं आणली गेली याचा मला संताप आहे. रस्ता हा आमचा हक्क आहे. त्याच्या बदल्यात प्रश्न विचारायचं सोडून द्या, असं कुणी आम्हाला सांगू नये.

मग 2019 ला ते पडले कसे?

‘आदर्श’मुळे नाही. भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर सुमारे 40 हजार मतांनी जिंकले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने दीड लाखांहून जास्त मतं घेतली. हिशेब तिथेच चुकला. त्याच वर्षी ते भोकरमधून विधानसभेवर आले आणि महाविकास आघाडीत मंत्रीही झाले.

भाजपमध्ये गेल्यामुळे केस मिटली का?

तारखा लावून पाहा. उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली डिसेंबर 2017 मध्ये. भाजपप्रवेश झाला 13 फेब्रुवारी 2024 ला. त्यामुळे ‘पक्ष बदलला म्हणून कोर्टाने सोडलं’ असं म्हणता येणार नाही.

पण लोकांना शंका का येते, तेही तारखाच सांगतात. केंद्र सरकारने संसदेत यूपीए काळावरची श्वेतपत्रिका मांडली 8 फेब्रुवारी 2024 ला आणि तिच्यातल्या घोटाळ्यांमध्ये ‘आदर्श’चं नाव होतं. पाच दिवसांनी चव्हाण त्याच पक्षात गेले आणि लगेच राज्यसभेची उमेदवारी मिळाली. ज्या पक्षाने चौदा वर्षं ‘आदर्श’वरून रान उठवलं, त्याने नांदेडच्या मतदाराला एक उत्तर देणं लागतं: तेव्हाचा आरोप खोटा होता की आताचा प्रवेश चुकीचा आहे? हे उत्तर मी अजून कुठल्या सभेत ऐकलेलं नाही. इतकी वर्षं त्यांचा बचाव करून दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर तुटून पडलेल्या काँग्रेसकडूनही नाही.

मतदारांनी मात्र आपलं म्हणणं मांडलं. 2024 च्या लोकसभेला चव्हाण ज्यांच्यासाठी मतं मागत होते ते चिखलीकरच, 2019 ला त्यांना हरवणारे. जिंकले काँग्रेसचे वसंतराव चव्हाण. नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या नऊही विधानसभा महायुतीकडे गेल्या, भोकरमधून अशोकरावांच्या कन्या श्रीजया निवडून आल्या आणि वसंतरावांच्या निधनामुळे त्याच वेळी झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसने जागा राखली, तीही दीड हजाराच्या आत.

मराठवाड्याचे मुख्यमंत्री असेच का जातात?

शंकरराव, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव, अशोकराव. चौघांपैकी सलग पाच वर्षं कुणालाच मिळाली नाहीत. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, शंकररावांची गोष्ट वेगळी. पण निलंगेकरांची आठवण इथे हवीच. मुलीच्या एमडी परीक्षेतले गुण वाढवल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये त्यांनी पद सोडलं. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुणांत फेरफार झाला हे सिद्ध आहे, निलंगेकरांशी त्याचा थेट संबंध दाखवणारा पुरावा नाही, तरी त्यांना क्लीन चिट देता येत नाही. निकाल पटो न पटो, वर्षभरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द लोकांसमोर होता. ‘आदर्श’मध्ये तसा शब्द आलेला नाही.

आरोप असताना निवडणूक लढवता येते का?

येते. अपात्रता दोषी ठरल्यावर येते. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी लगेच जाते, 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अपिलाची सवलत उरलेली नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्रता आहे.

त्या इमारतीचं काय झालं?

किनारपट्टी नियमांचा भंग झाला म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2011 मध्ये ती पाडायचा आदेश दिला. एप्रिल 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही पाडा म्हटलं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारत केंद्र सरकारच्या ताब्यात द्यायला सांगितलं.

आमच्या उमेदवारावर काय काय आहे, हे मी कसं पाहू?

अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराच्या नावापुढे मिळतं. त्यात प्रलंबित गुन्हे आणि झालेल्या शिक्षा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. आरोप निश्चित झाले आहेत की नाहीत, तो रकाना आधी वाचा. नंतर मालमत्तेचं पान उघडा आणि त्याच उमेदवाराचं पाच वर्षांपूर्वीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. 2018 पासून गुन्ह्यांची माहिती प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रात छापणंही बंधनकारक आहे. ती जाहिरात बहुतेक वेळा आतल्या पानावर, बारीक अक्षरात असते, ती शोधा. आणि प्रचाराला दारात आलेल्या कार्यकर्त्याला त्यातलाच एखादा गुन्हा क्रमांक वाचून दाखवून विचारा, याचं पुढे काय झालं.